बातमीतले तारे, कवितेतले तारे: साक्ष कोणाची धरायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्रजी साहित्याच्या एका संशोधक विद्यार्थिनीला इंग्लंडमधल्या एका जिल्हा साप्ताहिकाच्या १७ नोव्हेंबर १८६६ च्या अंकात उल्कावर्षावाची बातमी सापडली आहे. आकाश पेटलं, तारे पावसासारखे कोसळले, अशा थाटाची. त्याच सुमाराची, तारे झरण्याचं वर्णन करणारी एका अप्रसिद्ध कवीची कविताही तिच्याकडे आहे. कवीने ती रात्र स्वतः पाहिली होती असं प्रबंधात लिहिता येईल का, आणि त्याला पुरावा म्हणून ही बातमी चालेल का, असं तिने विचारलं आहे.

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक दडलेलं आहे: बातमी म्हणजे वस्तुस्थिती, कविता म्हणजे कल्पना, आणि पहिलीने दुसरीची खातरजमा करायची. जुन्या नोंदींवरून आकाशातल्या घटनांच्या तारखा पडताळण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. या कामात हे नातं कित्येकदा उलटं निघतं. एकोणिसाव्या शतकातल्या बातमीदाराकडे ठरावीक वाक्यांचा साठा होता, तसाच कवीकडेही होता. त्यामुळे खरं कोण बोलतंय असं न विचारता, या मजकुरातलं काय डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि काय साठ्यातून उचललेलं आहे, असं दोघांनाही विचारावं लागतं.

तुमची १८६६ ची रात्र पडताळायला सोयीची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. सिंह राशीतून येणारा हा वर्षाव साधारण ३३ वर्षांनी जोर धरतो. १८३३ साली उत्तर अमेरिकेत तो प्रचंड दिसला होता. येल विद्यापीठाच्या ह्यूबर्ट न्यूटन यांनी जुन्या नोंदी तपासून १८६६ चं भाकीत केलं. म्हणजे ब्रिटिश वाचक आधीपासून वाट बघत होते, हे लक्षात ठेवा. रात्र १३ नोव्हेंबरची, मंगळवारची. लंडनजवळच्या ग्रिनिचच्या वेधशाळेत निरीक्षकांनी आठ हजारांहून जास्त उल्का मोजल्या आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक मध्यरात्रीनंतरच्या एक ते दोन या एका तासातल्या, म्हणजे तारखेने १४ च्या. दोननंतर जोर झपाट्याने ओसरला.

आता कवितेला प्रश्न विचारता येतात. नोव्हेंबरच्या मध्यात इंग्लंडच्या अक्षांशावर सिंहेचं डोकं, म्हणजे उल्का जिथून येताना दिसतात तो भाग, क्षितिजावर यायलाच रात्रीचे साडेदहा-अकरा होतात. तेव्हा दिवेलागणीला तारे झरू लागले असं कवी म्हणत असेल, तर ते त्याने पाहिलेलं नाही. अमावास्या ७ तारखेच्या सुमारास झाली होती. चंद्र जेमतेम अर्धा होता आणि मध्यरात्रीच्या आतच मावळला होता. कवितेत टिपूर चांदणं असेल तर ते छंदाच्या सोयीने आलेलं आहे. नाइटिंगेल गात असेल तर विचारूच नका, नोव्हेंबरात तो पक्षी आफ्रिकेत असतो! याउलट उल्का पूर्वेकडच्या एकाच भागातून पंख्यासारख्या उघडत येतात, काहींच्या मागे हिरवट-निळी रेघ क्षणभर रेंगाळते, किंवा ऐन भरात असलेला वर्षाव बघता बघता थंडावतो, असं काही कवितेत असेल तर कान टवकारा.

तरीही एवढ्यावर निकाल देऊ नका. कवी शनिवारी तेच साप्ताहिक वाचून रविवारी कविता लिहू शकतो. तपशील बरोबर असण्याने एवढंच ठरतं की त्याने पाहिलं तरी असेल किंवा वाचलं तरी असेल. कवितेत आहे, आकाशाशी जुळतो, पण त्या आठवड्यातल्या कोणत्याही छापील वर्णनात नाही, असा तपशील मिळाला तरच प्रत्यक्षदर्शी म्हणायला जागा होते. असा एक तपशीलही पुरतो, पण तो शोधायला आजूबाजूची पाच-सात वर्तमानपत्रं चाळावी लागतात. शिवाय हवामान पाहावं लागतं. ग्रिनिचला आकाश मोकळं होतं म्हणून कवीच्या गावात होतंच असं नाही.

बातमीकडे वळू. वर्तमानपत्रांवरचा मुद्रांक कर १८५५ मध्ये उठला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत पत्रं उगवली. त्यांच्याकडे स्वतःचे बातमीदार थोडे, रकाने मात्र भरायचे पुष्कळ. लंडनच्या पत्रातला मजकूर कात्रीने कापून लावणं ही राजरोस पद्धत होती, आणि ओळीमागे पैसे घेणारे लेखकही होते. त्यांना एका वाक्यात संपणाऱ्या उल्केपेक्षा सहा वाक्यं टिकणारी उल्का परवडायची. म्हणून दहा पत्रांत एकच परिच्छेद दिसला तर तो दहा साक्षीदारांचा पुरावा नव्हे, एकाच साक्षीदाराचा आहे. मी आधी संपादकाला आलेली पत्रं शोधतो. एखादा पाद्री, डॉक्टर किंवा सिग्नलवाला लिहितो की मी अमुक रस्त्यावर अमुक दिशेला तोंड करून चाललो होतो, तेव्हा ते सोनं असतं. ब्रिस्टलचे विल्यम डेनिंग हे हिशेबनीस पुढे उल्कांच्या अभ्यासात जगभर मानले गेले, आणि विखुरलेल्या लोकांनी पाठवलेल्या अशाच नोंदींतून त्यांनी उल्कांचे मार्ग काढले.

ठरावीक वाक्यं ओळखायला १८ ऑगस्ट १७८३ ची रात्र चांगली आहे. त्या संध्याकाळी नऊ वाजून गेल्यावर एक मोठा अग्निगोल स्कॉटलंडकडून ब्रिटनच्या पूर्व बाजूने दक्षिणेला फ्रान्सकडे गेला. विंडसरच्या किल्ल्याच्या गच्चीवर योगायोगाने टायबेरियस कॅव्हॅलो हे शास्त्रज्ञ आणि चित्रकार थॉमस सँडबी उभे होते, त्यामुळे आपल्याला या उल्केचं शब्दांत वर्णनही मिळतं आणि चित्रही. रॉयल सोसायटी या ब्रिटनमधल्या वैज्ञानिकांच्या संस्थेतल्या चार्ल्स ब्लॅगडेन यांनी ठिकठिकाणचे वृत्तांत जमवून तिची उंची पन्नास मैलांहून अधिक काढली. अशी पन्नास मैल उंचावरची उल्का बघणारा माणूस हमखास सांगतो की ती शेजारच्या टेकडीमागे पडली. तो खोटं बोलत नसतो. अंतराचा अंदाज यायला आकाशात काही खूणच नसते. म्हणून शेतात पडली, पूर्ण चंद्राएवढी होती, दिवसासारखा उजेड पडला, ही तीन विधानं कोणत्याही बातमीत आली तरी मी ती बाजूला ठेवतो. दिशा, वेळ, रंग बदलल्याचा क्षण, तुकडे होणं, आवाज किती वेळाने आला, हे ठेवतो. आवाज उशिरा आल्याची नोंद विशेष मोलाची, कारण ती बनवून सांगायचं कोणाला सुचत नाही.

तारखांचे सापळे आहेत, आणि साहित्याचे अभ्यासक त्यांत सर्वाधिक अडकतात. ब्रिटनने ग्रेगरियन, म्हणजे आजचं इंग्रजी पंचांग १७५२ मध्ये घेतलं. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. त्याआधी इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. एडमंड हॅली यांनी वर्णन केलेला प्रसिद्ध ध्रुवीय प्रकाश आपण ६ मार्च १७१६ चा म्हणतो, पण तेव्हाच्या छापील कागदावर साल १७१५ असू शकतं आणि आजच्या पंचांगाने ती तारीख १७ मार्च येते. कोणत्याही तारखेचं आकाश दाखवणारी स्टेलेरियमसारखी सॉफ्टवेअर १५८२ नंतरच्या तारखा ग्रेगरियन समजतात, तेव्हा जुनी ब्रिटिश तारीख तशीच घातलीत तर चंद्र अकरा दिवस चुकतो. याच प्रकाशाला उत्तर इंग्लंडात लॉर्ड डर्वेंटवॉटरचे दिवे म्हणतात. जेकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर आणण्यासाठीच्या उठावात, सामील झाल्याबद्दल या उमरावाचा शिरच्छेद झाला तो २४ फेब्रुवारीला. लोककथेने मधले दहा-अकरा दिवस गिळले आणि आकाशालाच शोक करायला लावलं. अशी सांधेजोड दिसली की ती चूक म्हणून खोडू नका. प्रबंधात स्वतंत्र प्रकरण होईल इतका मजकूर तिच्यात असतो.

आणखी दोन गोष्टी. खगोलशास्त्रज्ञांचा दिवस १९२४ अखेरपर्यंत दुपारी बारापासून मोजला जात असे. वेधशाळेच्या नोंदीत १३ नोव्हेंबर, १३ तास असं दिसलं तर ते १४ नोव्हेंबरच्या पहाटेचा एक वाजल्याचं आहे. आणि ग्रिनिच वेळ देशभर कायद्याने लागू झाली ती १८८० मध्ये. त्याआधी ब्रिस्टलचं स्थानिक घड्याळ लंडनच्या सुमारे दहा मिनिटं मागे होतं. कवितेसाठी दहा मिनिटांनी काही बिघडत नाही, पण दोन गावांतून दिसलेली उल्का एकच होती का, हे ठरवताना बिघडतं.

आता कवितेबद्दल. तिला साक्षीला उभं करायचं तर छापल्याची तारीख आणि लिहिल्याची तारीख यांतला फरक आधी सोडवावा लागतो. इंग्रज कवी कोलरिजची खिन्नतेवरची प्रसिद्ध दीर्घ कविता ४ ऑक्टोबर १८०२ रोजी ‘मॉर्निंग पोस्ट’ या लंडनच्या दैनिकात आली. म्हणजे इथे कविता आणि वर्तमानपत्र एकाच कागदावर भेटतात. तिच्या माथ्यावर एका जुन्या स्कॉटिश पोवाड्यातल्या ओळी आहेत: काल रात्री मी नवा चंद्र पाहिला, जुन्या चंद्राला कुशीत घेतलेला. बारीक कोर उजळलेली आणि उरलेलं बिंब पृथ्वीवरून परतलेल्या प्रकाशाने अंधूक दिसणारं, असं ते दृश्य. अंकाच्या तारखेचं आकाश काढलंत तर चंद्र अर्धा निघतो, आणि कवीने सगळं रचलं असं वाटू लागतं. पण या कवितेचा पहिला खर्डा पद्यपत्राच्या रूपात ४ एप्रिल १८०२ चा आहे. त्या संध्याकाळी अमावास्येला दोनेक दिवस झालेले होते. वसंतात इंग्लंडातून मावळतीची कोर क्षितिजापासून चांगली उंच दिसते आणि अंधूक बिंब दिसायला तेच दिवस उत्तम. म्हणजे पोवाड्याच्या ओळी कोलरिजने पुस्तकातून घेतल्या खऱ्या, पण त्या संध्याकाळी खिडकीबाहेर त्यांना शोभेल असं आकाश होतं. त्याने पाहिलं असंच सिद्ध होत नाही. पाहणं शक्य होतं, एवढं मात्र ठाम लिहिता येतं, आणि माझ्या मते संशोधनात एवढं पुष्कळ झालं.

याच कोलरिजच्या म्हाताऱ्या खलाशाच्या कवितेत चंद्राच्या शिंगांमध्ये एक तेजस्वी तारा आहे. १७९८ च्या पहिल्या छपाईत तो दोन टोकांच्या जवळजवळ मधोमध आहे, नंतर कवीने ओळ बदलून त्याला खालच्या टोकाच्या आत नेलं. चंद्राचा काळोखा भाग पारदर्शक नाही, तिथे तारा दिसणार नाही, म्हणून खगोलप्रेमी या ओळीला दोनशे वर्षं हसत आले आहेत. मला हे हसणं पटत नाही. ७ मार्च १७९४ ला नॉरिच आणि लंडन इथल्या दोन माणसांना चंद्राच्या काळोख्या भागात ताऱ्यासारखा प्रकाश दिसला, आणि तो वृत्तांत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. त्या संध्याकाळी चंद्राने रोहिणीचं पिधान केलं होतं, म्हणजे तो तारा चंद्राआड गेला होता, त्यावरून हा दृष्टिभ्रम झाला असावा असं आज मानलं जातं. म्हणजे असा तारा कवितेच्या आधी विज्ञानाच्या पानावर उगवलेला होता. कवी नेमका तोच अहवाल वाचून लिहीत होता की नाही यावर वाद घालता येईल, पण आकाशाचं अज्ञान हा आरोप टिकत नाही.

इंग्रज कवी टेनिसन मात्र या बाबतीत जवळजवळ पंचांग आहे. ‘मॉड’ ही त्याची दीर्घ कविता १८५५ ची. तिच्या शेवटच्या भागात वसंतातली रात्र येते: डॅफोडिल सुकत आलेत, सारथी आणि मिथुन मुकुटांसारखे वर आहेत, मृग पश्चिमेला बुडतो आहे, आणि मंगळ सिंहाच्या छातीवर तांबूस ढालीसारखा तळपतो आहे. इंग्लंडात एप्रिलअखेर अंधार पडताना आकाश अगदी असंच असतं. मंगळाची जागा मात्र दर वर्षी बदलते, म्हणून खरी कसोटी तिथे आहे. १८५४ च्या मार्चच्या सुरुवातीला मंगळ आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला होता आणि एप्रिलमध्ये मघा नक्षत्राच्या आसपास रेंगाळत होता. २८ मार्च १८५४ ला ब्रिटनने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. कवितेचा नायक युद्धाकडे वळतो तेव्हा युद्धदेवतेचा ग्रह जिथे दाखवला आहे, तिथेच तो खरोखर होता. मंगळाची ही मांडणी सुमारे ७९ वर्षांनी जवळपास तशीच परत येते. १८५४, १९३३, २०१२. तुमच्यापैकी कोणी २०१२ च्या उन्हाळ्यात सिंहेत मघाजवळचा तांबडा मंगळ पाहिला असेल, तर टेनिसनच्या डोक्यावर होतं तेच आकाश पाहिलंत. कृत्तिका, मृग, सिंह ही नावं कोणीही पेरू शकतो. फिरता ग्रह बरोबर तारकासमूहात ठेवणं हे साठ्यातून येत नाही.

आणि कधी कवी थेट बातमीदाराच्या जागी उभा राहतो. ऑगस्ट १८८३ मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआ या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि नोव्हेंबरपासून ब्रिटनमध्ये सूर्यास्तानंतर आकाश विचित्र तांबडं दिसू लागलं. वर्तमानपत्रांत भव्य, अलौकिक, अग्निमय अशा शब्दांची रेलचेल झाली. लँकेशरमधल्या स्टोनीहर्स्ट इथे शिकवणाऱ्या जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्सने ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकाला लिहिलेलं पत्र ३ जानेवारी १८८४ च्या अंकात आलं. त्यात तो हा प्रकाश नेहमीच्या सूर्यास्ताहून कुठे वेगळा आहे हे एकेक करून सांगतो: वेळ वेगळी, जागा वेगळी, रंग वेगळा. हा तांबडा स्वच्छ नाही, सुजलेल्या मांसासारखा आहे, असं तो म्हणतो. तेव्हाचा हा कवी जवळजवळ अप्रकाशित होता. पण त्या हिवाळ्यातल्या रकाने भरून छापलेल्या वर्णनांपेक्षा मला त्याचं पत्र निरीक्षण म्हणून जास्त उपयोगी वाटतं.

बातमीवर मी फार टीका केली असं वाटत असेल तर उलट बाजूही सांगतो. लिहिणाऱ्याला कारण माहीत नसतं तेव्हा बातमी सर्वांत विश्वासार्ह असते. ३० जून १९०८ च्या रात्री आणि पुढच्या काही रात्री ब्रिटनमध्ये मध्यरात्रीही आकाश उजळ राहिलं. हंटिंग्डनजवळून एका बाईंनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून त्याचं वर्णन कळवलं. त्याच दिवशी सैबेरियात तुंगुस्का इथे झालेल्या स्फोटाचा तिथे कोणाला पत्ताच नव्हता. हा संबंध जुळायला १९३० च्या आसपासचा काळ उजाडला. कारण ठाऊक नसल्याने वर्णनाला कुठे वळण देण्याचा मोहच नव्हता. १९१३ च्या सुरुवातीला नेमकं याच्या उलट घडलं. जर्मन हवाई जहाजांची धास्ती आधीच मनात होती, संध्याकाळी पश्चिमेला शुक्र ऐन तेजात होता, आणि वर्तमानपत्रं रहस्यमय दिव्यांच्या बातम्यांनी भरली. १८९९ मध्ये सिंहेचा वर्षाव पुन्हा येणार म्हणून एवढा गाजावाजा झाला की लोक रात्रभर जागले. पण गुरू आणि शनीच्या ओढीने उल्कांचा प्रवाह सरकला होता आणि आकाश जवळजवळ रितंच राहिलं. तेव्हा बातमी वाचताना पहिला प्रश्न हा: लिहिणाऱ्याला काय दिसेल हे आधीच ठाऊक होतं का? तुमच्या १८६६ च्या बातमीला तो लागू होतो, कारण ते भाकीत गाजलेलं होतं.

तुमच्या प्रबंधासाठी माझा सल्ला: कवीने पाहिलं असं सरळ लिहू नका. कवितेतला कोणता तपशील १३-१४ नोव्हेंबरच्या आकाशाशी जुळतो, कोणता जुळत नाही, आणि जुळणारा तपशील त्या आठवड्यात आणखी कुठे छापलेला होता का, हे तीन भागांत मांडा. कवितेचा खर्डा किंवा तारीख घातलेलं पत्र मिळालं तर चित्र बदलू शकतं. मिळालं नाही तर शक्यता एवढाच शब्द ठेवा.

सामग्रीबद्दल शेवटचं. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हला पैसे पडतात. पण वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा १९१९ पर्यंतचा वर्तमानपत्र संग्रह मोफत आहे. ऑस्ट्रेलियाचा ट्रोव्ह आणि न्यूझीलंडचा पेपर्स पास्ट हेही मोफत आहेत, आणि तिथली पत्रं ब्रिटिश मजकूर काही आठवड्यांनी बिनदिक्कत उचलत, त्यामुळे मूळ अंक हाती नसला तरी परिच्छेद सापडतो. अठराव्या शतकातलं काही शोधत असाल तर लक्षात ठेवा की तेव्हाच्या छपाईतला लांब ‘एस’ संगणक ‘एफ’ वाचतो. ‘स्टार’ मिळाला नाही तर ‘फ्टार’ शोधा. मुंबईची जुनी इंग्रजी पत्रंही विसरू नका. ४ फेब्रुवारी १८७२ चा ध्रुवीय प्रकाश मुंबईतही दिसल्याची नोंद आहे. २ सप्टेंबर १८५९ च्या चुंबकीय वादळात कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाचं क्षैतिज (आडव्या दिशेतलं) बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली आलं. ब्रिटिश पत्रांनी त्या रात्रींच्या प्रकाशाबद्दल जे रकाने लिहिले ते किती फुगवलेले होते, हे तपासायला या आकड्याइतका तटस्थ साक्षीदार नाही. कविता आणि बातमीच्या जोडीला अशी एखादी उपकरणाची नोंद मिळते का, हे आधी बघा. १८६६ साठी ग्रिनिचची तासागणिक मोजणी छापील उपलब्ध आहे, ती मागवून घ्या.